डाव्या हाताचे काम : लोकप्रिय वाद्यवृंदातील पियानोवादक टेडी वेदरफोर्ड

‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द यवतमाळ जिल्ह्यात उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे व्हायोलिनवादकांच्या रांगा आणि हातात छडी घेतलेला संचालक उभा राहत नाही. उभा राहतो तो दुर्गोत्सवाचा किंवा गणेशोत्सवाचा मांडव. दोन गायक, एक गायिका, मधूनमधून नकला करणारा निवेदक, ढोलक, ऑक्टोपॅड आणि मंचाच्या एका कडेला कीबोर्डवर वाकलेला एक मनुष्य. शब्दाचा हा अर्थबदल हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या समाजात तो शब्द रुजला त्या समाजाने त्यातून काय घेतले आणि काय टाकले, याचा तो पुरावाच होय. घेतली ती गाणी, गर्दी आणि रोषणाई. टाकली ती वादकांची नावे.

निष्णात वादक लोकप्रिय वाद्यवृंदात गेला म्हणजे त्याच्या कलेचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मराठी संगीतसमीक्षेत या प्रश्नाचे उत्तर बहुधा प्रश्न विचारण्यापूर्वीच ठरलेले असते. एकल वादन ही कला, साथ ही सेवा आणि वाद्यवृंदातील वादन हा पोटाचा उद्योग, अशी उतरंड आपण गृहीत धरलेली आहे. त्यामुळे एखादा वादक नाटकात, चित्रपटात किंवा ऑर्केस्ट्रात गेला की त्याच्या चरित्रकाराच्या लेखणीत खंत उतरते. ही खंत सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती चुकीच्या ठिकाणी व्यक्त होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. लोकप्रिय वाद्यवृंदात निष्णात वादकाचे कौशल्य कमी होत नाही. त्याचे काम बदलते. त्या कामाचे वर्णन करण्यासाठी लागणारी भाषा आपल्यापाशी नाही आणि म्हणून आपल्याला ते दिसत नाही. हे पडताळून पाहण्यासाठी ज्याचे नाव मराठी वाचकास क्वचितच ठाऊक असेल, परंतु ज्याने मुंबईत येऊन वाजविले, अशा एका पियानोवादकाचे उदाहरण येथे घेतले आहे.

शिकागो ते मुंबई

टेडी वेदरफोर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक १९०३ साली जन्मला, पश्चिम व्हर्जिनियातील ब्लूफील्ड येथे वाढला, न्यू ऑर्लिन्समध्ये पियानो शिकला आणि विशीच्या आतबाहेर असताना शिकागोस आला. तेथे त्याला काम मिळाले ते एर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात. हा वाद्यवृंद व्हेंडोम नावाच्या चित्रपटगृहात बसत असे. काळ मूकपटांचा होता. पडद्यावर चित्र चालू असताना प्रसंगानुरूप वाजवावयाचे, मध्यंतरात ऑपेरातील वेचे वाजवावयाचे आणि त्यानंतर ज्यासाठी प्रेक्षक खरोखर थांबून राहत ते जॅझचे तुकडे वाजवावयाचे, असा त्याचा कार्यक्रम असे. आपल्याकडेही मूकपटांच्या तंबूत पेटी आणि तबला घेऊन वादक बसत असत; तेव्हा ही परिस्थिती मराठी वाचकाला फार अपरिचित वाटू नये.

२८ मे १९२६ रोजी या वाद्यवृंदाच्या तबकडीच्या दोन बाजू ध्वनिमुद्रित झाल्या. ‘स्टॅटिक स्ट्रट’ आणि ‘स्टॉम्प ऑफ, लेट्स गो’ ही त्यांची नावे. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर वेदरफोर्ड. प्रत्येक बाजू सुमारे तीन मिनिटांची. जॅझचे अभ्यासक ही तबकडी प्रायः आर्मस्ट्राँगसाठी ऐकतात आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ती पियानोसाठी ऐकावी. ऐकताना मात्र एका तांत्रिक गोष्टीकडे लक्ष ठेवावे लागेल, ती म्हणजे पियानोवादकाचा डावा हात.

त्या काळच्या अमेरिकन पियानोवादनात डाव्या हाताचे काम ठरलेले होते. चार मात्रांपैकी पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर खर्जातील स्वर द्यावयाचा. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर हात उडी मारून मध्य सप्तकात यावयाचा आणि तेथे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर, द्यावयाची. या अखंड उड्यांमुळे एकटा पियानोवादक स्वतःचाच तबलजी आणि स्वतःचाच तंबोरा होत असे. उजवा हात मोकळा राही आणि धून, पलटे, सजावट हे सारे तो करी. एकट्याने वाजविताना ही व्यवस्था परिपूर्णच होती. पण वाद्यवृंदात बसताच तिची अडचण होते. कारण तेथे ताल धरावयास ड्रम आहे, खर्ज द्यावयास आणि कॉर्ड वाजवावयास इतर वाद्ये आहेत. डाव्या हाताचे काम दुसऱ्यांनी वाटून घेतलेले असते. अशा वेळी पियानोवादक आपला डावा हात पूर्ववत चालवील तर आवाजाचा चिखल होतो. थांबवील तर तो अर्धाच पियानोवादक उरतो.

वेदरफोर्डने यावर काढलेला मार्ग या तबकडीत ऐकू येतो. वाद्यवृंद जोरात असतो तेव्हा पियानो जवळजवळ लुप्त असतो. कान देऊन ऐकले तरच मागून येणाऱ्या आघातांवरून तो आहे असे जाणवते. मग पियानोला थोडीशी जागा मिळते आणि त्या जागेत दोन्ही हात एकदम उघडे पडतात. डावा हात अचानक संपूर्ण वाद्यवृंदाचे वजन उचलतो आणि उजवा त्यावरून धावत जातो. वाजविण्याचा दाब जड आहे, लय पुढे झुकलेली आहे; तरी ती सुटत नाही. जागा संपते आणि पियानो पुन्हा गर्दीत मिसळतो. या काही क्षणांत वेदरफोर्ड जे करतो ते त्याला एकट्याने वाजविताना करता आले नसते. कारण त्या क्षणांची तीव्रता त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या अदृश्यतेतून आलेली आहे.

हा मुद्दा पुराव्यानिशी मांडता येतो, कारण त्याची एकल ध्वनिमुद्रणेही उपलब्ध आहेत. १९३७ साली तो पॅरिसला गेला असता तेथे त्याने काही गतींचे केवळ पियानोवर ध्वनिमुद्रण केले. ती ऐकताना त्याच्या बोटांच्या तयारीविषयी शंका राहत नाही. तरीदेखील प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ती १९२६ च्या तबकडीच्या तुलनेत कमी पटतात. तेथे त्याला अडविणारे कोणीच नाही. म्हणून प्रत्येक रिकामी जागा सजावटीने भरली जाते. उजवा हात खालून वर आणि वरून खाली धावत राहतो आणि ऐकणाऱ्याला क्षणभर विसावा मिळत नाही. आपल्याकडे एखादा तयारीचा गायक तानांनी बैठक मारून नेतो; पण घरी जाताना त्यातली एकही जागा आठवत नाही, त्यासारखा हा अनुभव आहे. एकल वादनाला कलेच्या शिखरावर बसविणाऱ्या उतरंडीला हे उदाहरण अडचणीचे ठरते.

ज्या वर्षी ती तबकडी निघाली त्याच वर्षी, १९२६ मध्ये, वेदरफोर्ड जॅक कार्टर यांच्या वाद्यवृंदाबरोबर आशियाच्या दौऱ्यावर निघाला. १९३४ साली लॉस एंजेलिसहून बक क्लेटन यांचा वाद्यवृंद शांघायला नेण्यासाठी तो अमेरिकेस गेला होता. त्यानंतरही त्याचे कार्यक्षेत्र पूर्वेकडेच राहिले. शांघाय, सिंगापूर, मुंबई, कोलंबो, कोलकाता ही त्याची गावे झाली. शिकागोत मागे राहिलेल्या आर्मस्ट्राँगचे पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे.

ताजमधील नृत्यगृह

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद आला आणि त्यामागोमाग १९३६ साली क्रिकेट स्मिथ यांचा. या दुसऱ्या वाद्यवृंदात वेदरफोर्ड पियानोवर होता. पुढे ताजमध्ये त्याने स्वतःच्या नावाचा वाद्यवृंदही चालविला. ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही क्रिकेट स्मिथ यांच्या वाद्यवृंदाची १९३६ ची तबकडी प्रसिद्ध आहे. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवरील आपल्या २०१२ सालच्या ग्रंथाला तिचेच नाव दिले.

या नृत्यगृहात येणारे श्रोते संगीत ऐकावयास येत नसत. ते जेवावयास, नाचावयास आणि परस्परांना दिसावयास येत. संस्थानिक, इंग्रज अधिकारी, पारशी घराणी, कापसाचे व्यापारी असा तो समाज होता. येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. त्याच काळात यवतमाळचा कापूस ‘शकुंतला’ या अरुंद रुळांच्या गाडीने मूर्तिजापूरला आणि तेथून मोठ्या गाडीने मुंबईला जात असे. ताजच्या लाकडी फरशीवर खर्च होणाऱ्या पैशाला थोडासा वऱ्हाडच्या सरकीचा वास होता, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये. आपण त्या संगीताचे श्रोते नव्हतो. त्याचे खर्चवाले मात्र होतो.

तर नाचणाऱ्यांसाठी वाजविणे म्हणजे काय? समीक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बैठकीत बसलेला रसिक चुकलेल्या जागेस कपाळाला आठी घालतो. नाचणाऱ्याचे पाऊलच चुकते. लय किंचित ढळली तरी शेकडो पावलांना ते त्याच क्षणी कळते. रसिकाची दाद मिळवावी लागते; नाचणाऱ्याची दाद म्हणजे तो नाचत राहणे. अशा श्रोत्यांपुढे तासन्‌तास वाजविणाऱ्या पियानोवादकाला दोन गोष्टी साधाव्या लागतात. लय इतकी पक्की ठेवावी लागते की ती कोणाच्या लक्षातही येऊ नये आणि तिच्या आत वाद्यवृंदातील वादकांना जागे ठेवण्यापुरते नावीन्यही आणावे लागते. पहिली गोष्ट नाचणाऱ्यांसाठी, दुसरी सहवादकांसाठी. या संगीताचा खरा श्रोता सहवादकच असतो आणि तो मंचावर, शेजारीच बसलेला असतो.

या शेजाऱ्यांत गोमंतकीय वादक होते. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकविले जाई. ते शिक्षण घेऊन ही मुले मुंबईस येत. स्वरलेखन त्यांना उत्तम वाचता येई; परंतु जॅझची झुकलेली लय कागदावर लिहिता येत नाही. ती शेजारी बसून उचलावी लागते. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे ट्रम्पेटवादक वेदरफोर्डच्या हाताखाली वाजवीत असत आणि जॅझचा खरा बाज आपणास त्याच काळात कळला असे ते उतारवयात सांगत. पुढे ते हिंदी चित्रपटसंगीताच्या संयोजनात गेले. १९६३ चा ‘आमचे नशीब’ आणि १९६६ चा ‘निर्मोण’ हे कोकणी चित्रपट त्यांनीच काढले. म्हणजे शिकागोच्या चित्रपटगृहातील डाव्या हाताची लय ताजच्या नृत्यगृहातून दादर-परळच्या चित्रपटगृहांपर्यंत पोहोचली आणि मध्ये कोठेही कोणा समीक्षकाने तिची नोंद घेतली नाही. घराण्याच्या परंपरेत अशी तीन पिढ्यांची साखळी सापडली असती तर आपण तिच्यावर प्रबंध लिहिले असते.

पेटी, भाता आणि नाटक

मराठी माणसाला कळपट्टीचे वाद्य परके नाही. पियानो नसला तरी पेटी आहे, नाटकातला ऑर्गन आहे. आणि पेटीवरील असामान्य प्रभुत्व घेऊन लोकप्रिय रंगभूमीत शिरलेल्या कलावंताचे उदाहरण तर आपल्यापाशी सर्वांत आधीचे आहे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे भास्करबुवा बखल्यांची पेटीची साथ करीत, अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचा त्यांनी ध्यास घेतलेला आणि एकल पेटीवादनातही त्यांचे नाव झालेले. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचे संगीत त्यांचे आणि त्यातील हरिश्चंद्रही तेच.

टेंब्यांविषयी लिहिताना आपली समीक्षा अडखळते ती याच ठिकाणी. चालींबद्दल ती भरभरून बोलते, ‘माझा संगीत व्यासंग’ या ग्रंथाबद्दल बोलते; पण पेटीवादक टेंबे नाटकाच्या व्यवहारात शिरल्याने पेटीचे काय झाले, हा प्रश्न ती विचारीत नाही. येथे पुन्हा डाव्या हाताकडे पाहावे. पेटीवादकाचा डावा हात भात्यावर असतो. तो वाजवीत नाही, तो श्वास देतो. त्यामुळे पेटीवादक कितीही तयार असो, त्याच्यापाशी एकच गाणारा हात असतो आणि तो स्वाभाविकच गळ्याच्या मागे जातो. आपल्या पेटीची सारी प्रतिष्ठा गळ्याची छाया किती जवळून धरता येते यावर उभी आहे. ऑर्गनमध्ये भाता पायांकडे गेला आणि डावा हात मोकळा झाला. पण मोकळ्या झालेल्या हातास आपण वेगळे काम दिले नाही. तोही गळ्याच्याच मागे गेला. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी माणसे होती. जगातील कोणत्याही वाद्यवृंदाने हेवा करावा अशीच ती मांदियाळी होय. तरीही त्यांना आपण वाद्यवृंद म्हटले नाही, ‘साथीदार’ म्हटले. सर्व वाद्ये एका गळ्याभोवती वर्तुळ करून बसत. वाद्यांचे आपसांत बोलणे होई ते गळा श्वास घेई तेवढ्यापुरतेच. थिरकवांची लग्गी त्या फटीत चमके आणि प्रेक्षक ‘वन्समोअर’ देत तो मात्र बालगंधर्वांना.

ही तुलना टेंब्यांना कमी लेखण्यासाठी नाही. वेदरफोर्डपाशी गळाच नव्हता. टेंब्यांपाशी बालगंधर्व होते. त्या गळ्यापुढे कोणता वादक स्वतःसाठी जागा मागेल? प्रश्न एवढाच की, साथ या संकल्पनेत वादकाचे मोठेपण मोजण्याचे जे माप आहे, ते घेऊन आपण वाद्यवृंदातील वादकापुढे गेलो तर ते माप तेथे लागू पडत नाही.

याच काळात पेटीवर बाहेरून घाव आला. दिल्लीच्या आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली आकाशवाणीच्या इंग्रजी पाक्षिकात पेटीविरुद्ध लेख लिहिला. पट्टीतील बारा स्वर ठोकळेबाज आहेत, त्यांतून श्रुती निघत नाहीत आणि मींड तर निघतच नाही, हा या आक्षेपाचा गाभा. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खरा आहे. परंतु तो खरा ठरतो तो पेटीने गळ्याची नक्कल करावी हे गृहीत धरल्यावर. पियानोने मींड घ्यावी अशी अपेक्षा शिकागोत कोणी केली नव्हती. तेथे पियानो हे आघाताचे वाद्य होते. हातोडी तारेवर पडते, नाद उमटतो आणि तत्काळ विरू लागतो, या त्याच्या स्वभावातूनच त्याची लय जन्मास आली. गमतीची बाब अशी की फोल्ड्स स्वतः लोकप्रिय वाद्यवृंदासाठी हलकेफुलके संगीत लिहून नाव कमावलेले आणि दिल्लीत त्यांनी भारतीय व पाश्चात्त्य वाद्यांचा मिश्र वाद्यवृंद उभा केलेला. वाद्यवृंदाची बाजू ज्याला आतून ठाऊक होती त्यानेच कळपट्टीला गळ्याच्या तराजूत तोलले. फोल्ड्स १९३९ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात पटकीने वारले. वेदरफोर्ड युद्धकाळात कोलकात्याच्या ग्रँड हॉटेलात निरनिराळ्या देशांच्या वादकांना घेऊन वाजवीत होता. तोही १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याच गावी, त्याच रोगाने गेला.

पडद्यावरचा पियानो आणि पडद्यामागचा

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली, नृत्यगृहांची रया गेली आणि तेथील वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. त्यांना कामाला लावणाऱ्या संगीतकारांत अग्रभागी होते ते पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. विदर्भाच्या वाचकाने लक्षात ठेवावे की या संगीतकाराचे काही शिक्षण नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. वसंतराव देशपांडे हेही सप्रे गुरुजींचेच शिष्य. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळचे अँटोनियो झेवियर वाझ, हे सी. रामचंद्रांचे सहायक. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादांच्या मागे पडद्यावर दिसणारा वाद्यवृंद त्यांचाच. त्या चित्रपटातील गाण्यांकडे उडती गाणी म्हणून पाहण्याची सवय जडलेली आहे. पण नागपुरी शिक्षणाची चाल आणि ताजच्या नृत्यगृहातील लय एकमेकींस न दुखविता त्यांत कशा नांदतात, हे एकदा गाण्यातील शब्द सोडून केवळ वाद्ये ऐकून पाहावे.

पियानोच्या वाट्याला मात्र येथे विचित्र नशीब आले. पडद्यावर तो सर्वांत ठळक वाद्य झाला. श्रीमंताचा दिवाणखाना, मेजवानी, आणि पियानोशी बसून अंतरीचे दुःख गाणारा नायक, हा प्रसंग १९४९ च्या ‘अंदाज’पासून १९६४ च्या ‘संगम’पर्यंत आणि त्यानंतरही आला. नायकाची बोटे कळपट्टीवर फिरत. ऐकू येणारी बोटे मात्र दुसऱ्याच कोणाची असत. लुसिला पाशेको या गोमंतकीय पियानोवादक अशा ध्वनिमुद्रणांत वाजवीत असत. तबकड्यांवर अशा वादकांची नावे नसत. ज्या वाद्यावर वाजविणाऱ्याचे हात प्रेक्षकाला सर्वांत स्पष्ट दिसतात, त्याच वाद्याचा वादक सर्वांत अदृश्य झाला. वेदरफोर्डची अदृश्यता त्याच्या कलेचा भाग होती. तो गर्दीत मिसळे आणि गर्दीतून वर येई. चित्रपटातील वादकाची अदृश्यता व्यवहारातून आली होती. या दोहोंत फरक न केल्यामुळेच वाद्यवृंद कलावंताला गिळतो असा समज दृढ झाला असावा. वाद्यवृंद वादकाला गिळत नाही. नावे छापणारे छापखाने गिळतात.

यवतमाळचा कीबोर्ड

आता लेखाच्या आरंभी सोडलेल्या माणसाकडे येता येईल. काही वर्षांपूर्वी यवतमाळच्या दुर्गोत्सवात एका मंडळाच्या मांडवात ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ऐकण्याचा योग आला. गाणी नेहमीचीच, गायक बरे होते. पण प्रस्तुत लेखकाचे लक्ष कीबोर्डवर खिळून राहिले. पन्नाशीतला तो वादक एका गाण्यात बासरी होता, दुसऱ्यात व्हायोलिनचा ताफा, तिसऱ्यात सतार आणि एका जुन्या गाण्यात चक्क पियानो. वाद्यवृंदात नसलेली सारी माणसे त्याच्या दहा बोटांत येऊन बसली होती. स्वर बदलण्याची कळ दाबण्यास त्याला दोन ओळींमधली फट पुरत असे आणि ती फट तो एकदाही चुकला नाही.

त्याचा डावा हात पाहिला. तो कळपट्टीवर फारसा नव्हता. कीबोर्डच्या डाव्या टोकाला स्वर किंचित वर-खाली सरकविणारे एक छोटे चाक असते, त्यावर त्याचा अंगठा होता. बासरीच्या तुकड्यात त्याने त्या चाकाने अशी मींड काढली की शेजारच्या रांगेतील एका वृद्ध गृहस्थाने नकळत मान डोलावली. फोल्ड्स यांनी जे अशक्य ठरविले होते, ते सर्कशीइतक्या गोंगाटात एका अंगठ्याने होत होते. मात्र त्यासाठी डाव्या हाताने लय सोडून दिली होती. लय ऑक्टोपॅड आणि पेटीएवढ्या एका यंत्रात भरून ठेवलेल्या ठेक्यांकडे गेली होती. भात्याचा डावा हात, उड्यांचा डावा हात आणि आता चाकावरचा डावा हात. तिसरा पुन्हा गळ्याकडेच वळलेला आहे, हे नोंदविणे भाग आहे. वऱ्हाडातल्या मांडवात पियानोची पेटी झाली.

यात हानी कोणती? कीबोर्डवादकाच्या कौशल्याची तर मुळीच नाही. त्या रात्री मंचावर सर्वांत तयार कलावंत तोच होता. हानी शेजाऱ्याची झाली आहे. वेदरफोर्डचे ऐकून फ्रँक फर्नांड शिकले, कारण ते त्याच्या शेजारी बसत. ज्याच्या बोटांत सारा वाद्यवृंद सामावला आहे त्याच्या शेजारी कोणी नसते. गर्दीतून वर येण्याची ती जागाही त्याला मिळत नाही. सर्व जागा त्याचीच असल्यामुळे कोणतीच त्याची नसते. पूर्वी जिल्ह्याच्या गावच्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन असे, एखादा बेंजोवाला असे, क्वचित व्हायोलिन असे. ते बहुधा बेसूर असत हे कबूल केले पाहिजे. जुने ते सोने म्हणणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. बेंजो तर बंद झाला ते बरेच झाले. पण चार बेसूर वादक एकमेकांना ऐकत सुरात येण्याची धडपड करीत, तेव्हा जे घडत होते त्याला शिक्षण हेच नाव द्यावे लागेल. संगीत विषय चालविणाऱ्या आपल्या महाविद्यालयांत एकल गायन-वादनाची परीक्षा आहे, साथीचा थोडाफार सराव आहे. एकमेकांना ऐकत वाजविण्याला मात्र गुण नाहीत.

कार्यक्रम संपताना निवेदकाने प्रथेप्रमाणे कलावंतांची ओळख करून दिली. गायकांची नावे गावांसह आली, ढोलकवाल्याचे आले, ध्वनिक्षेपकवाल्याचे आणि मांडव घालणाऱ्याचेही आले. कीबोर्डपाशी येताच कोणीतरी नारळाचा मान घेण्यासाठी मंचावर चढले आणि ते नाव राहून गेले. मागाहून त्यांना गाठले तेव्हा ते तारा गुंडाळीत होते. कोठे शिकलात, असे विचारले. म्हणाले, ‘आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत होतो सर, हरिपाठाला. अजूनही एकादशीला जातो.’ डाव्या हाताविषयी विचारल्यावर मात्र त्यांना आश्चर्य वाटले. असा प्रश्न त्यांना यापूर्वी कोणी केला नव्हता. त्यांनी हात पुढे करून स्वतःच एकदा पाहिला आणि म्हणाले की पूर्वी त्याने भाता ओढायचा, आता सूर ओढायचा. मग यंत्र खोक्यात घालून ते गाडीकडे गेले. रात्रीच दारव्ह्याला पोहोचायचे होते.